अर्धी मात्रा मागे

तिचं खरं नाव आमच्या शाळेच्या हजेरीपटात होतं आणि बहुधा तिथेच राहिलं. बाकी सगळं जग तिला ‘बटण’ म्हणायचं. ती साडेचार वर्षांची असताना कपडे धुण्याच्या पावडरीची एक जाहिरात लागत असे. त्यात एक मुलगी सदऱ्याचं तुटलेलं बटण शोधत टेबलाखाली शिरते, आणि बाहेर येऊन आईला विचारते, "सदरा पांढरा झाला, पण बटण कुठंय?" एवढीच ती जाहिरात. पण त्या वर्षी हे वाक्य ज्याच्या त्याच्या तोंडी होतं. केस कापणारा म्हणायचा, दाताचा डॉक्टर म्हणायचा, आमचे मुख्याध्यापकसुद्धा फाइल सापडली नाही की म्हणायचे. ती मुलगी म्हणजे ही.

तिची आई लग्नाआधी आणि लग्नानंतरही काही वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. नऊ वर्षं कानाला यंत्र लावून लोकांचे फोन जोडून दिल्यामुळे तिला प्रत्येक शब्द तोंडात घोळवून, गोल आणि स्वच्छ बाहेर काढायची सवय लागलेली. दूध मागायची तरी बातम्या दिल्यासारखी. जाहिरातीच्या चित्रीकरणाच्या दिवशी ते दिवे, ती अनोळखी माणसं बघून मुलगी बावरली आणि एवढंसं वाक्य विसरली. तीन वेळा विसरली. दिग्दर्शक दुसरी मुलगी बोलवायचं म्हणू लागला, तेव्हा आई सरळ पुढे गेली, कॅमेऱ्याच्या खाली मांडी घालून बसली आणि आवाज न काढता नुसत्या ओठांनी ते वाक्य म्हणाली. मुलीने त्या ओठांकडे बघितलं आणि लगेच मागोमाग म्हटलं. काम झालं.

त्या दिवशी कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मुलगी पाण्यात पडू नये म्हणून आपण हात धरतो, त्यातलाच तो प्रकार. फक्त तो हात पुढे वीस वर्षं सुटला नाही.

पाठोपाठ मालिका आली. मोठ्या कुटुंबातली धाकटी मुलगी, तिचंही नाव बटणच. लेखक सकाळी संवाद पाठवायचा आणि दुपारी बदलायचा. मोठमोठे नट कागद हातात घेऊन कोपऱ्याकोपऱ्यात पुटपुटत असायचे, घाम पुसायचे. बटणला त्याची गरजच नव्हती. तिच्या पायाला जन्मतःच भिंगरी. हाक येईपर्यंत ती सेटवरच्या जिन्यावर चढ-उतर करायची, सुतारांच्या खिळ्यांची रांग लावायची, खोट्या भिंतीमागे जाऊन ती कशी उभी आहे ते बघून यायची. हाक आली की जमिनीवर चिकटवलेल्या निळ्या पट्टीवर येऊन उभी राहायची, कॅमेऱ्याखाली आईचं तोंड शोधायची, आणि मग पुतळ्यासारखी स्थिर. आईचे ओठ हलायचे आणि अर्ध्या मात्रेने मागून हिचा आवाज यायचा. बोलण्याआधी ही मुलगी क्षणभर थांबते, जणू विचार करते, असं लोक कौतुकाने सांगायचे. त्या अर्ध्या मात्रेला सगळे अभिनय म्हणायचे.

आमच्या शाळेत ती पाचवीत आली. आठवड्यातून दोन-तीनच दिवस. पेन्सिलीला टोक करायला उठ, पाणी प्यायला जा, खिडकीची कडी लाव, पुन्हा काढ, असं तिचं चाले. रागवावं तर चेहरा इतका निरागस की आपल्यालाच अपराधी वाटावं. मी तिची वर्गशिक्षिका. तोंडी परीक्षेत मी तिला एकोणीसचा पाढा विचारला. ती माझ्यासमोर उभी राहिली, हललीही नाही, आणि एकोणीस एके एकोणीसपासून एकोणीस दाहे एकशे नव्वदपर्यंत धडाधड म्हणून मोकळी झाली. मी वीसपैकी अठरा दिले. वर्गात क्वचित येणारी मुलगी पाढे पाठ करते, याचं मला फार अप्रूप वाटलं.

दुसऱ्या दिवशी गणिताच्या सरांनी तिला तोच पाढा विचारला. हे सर मुलांमध्ये ‘मिशीवाले’ म्हणून प्रसिद्ध होते. त्यांची मिशी वरच्या ओठावरून खाली उतरून खालच्या ओठाच्या चौकशीला गेलेली. बटण त्यांच्यासमोर उभी राहिली, एकोणीस दुणेला अडकली, आणि त्यांच्या मिशीकडे अशी बघत राहिली की जणू कुलूप लागलेल्या दारापुढे माणूस उभा असावा. सर स्टाफरूममध्ये येऊन म्हणाले, "बाई, तुम्ही अठरा कशाचे दिलेत?"

मी विचार करत बसले तेव्हा लक्षात आलं. मुलं म्हणत असताना आम्ही शिक्षक मनातल्या मनात बरोबर म्हणत असतो आणि आमचे ओठ हलत असतात. एवढ्या वर्षांत ते मला ठाऊक नव्हतं. पाढा मी म्हटला होता. तिने फक्त आवाज दिला होता.

तिच्या आईला बोलावून मी हे सांगितलं. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि तिचं काम तर छान चाललंय ना, असं विचारलं. चाललं होतं, हे मी नाकारू शकले नाही. तो विषय मी तिथेच सोडला. माझ्या हातून झालेल्या चुकांच्या यादीत ही बरीच वर आहे.

वडिलांनी मात्र त्यांच्या पद्धतीने प्रयत्न केला. त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं, भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायचं काम ते स्वतः करत. मुलीची नजर सारखी भिरभिरते म्हणून त्यांनी तिला अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवलं आणि स्वतः तक्त्याशेजारी उभे राहिले. तिने शेवटची, मुंगीएवढी ओळसुद्धा वाचली. वडील खूश. मग त्यांना शंका आली म्हणून ते तिच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले, तर ही तक्ता सोडून मान वळवून त्यांच्याकडे बघायला लागली. घरी येऊन त्यांनी बायकोला निदान सांगितलं: डोळे उत्तम आहेत, बघायची खोड वाईट आहे.

एक गोष्ट मला तेव्हाच दिसली होती, पण तिचा अर्थ लागायला फार उशीर झाला. मधल्या सुट्टीत ती दोरीवरच्या उड्या मारायची आणि उड्या मारताना मुलींची लांबलचक गाणी, आकडे, उलटसुलट नावं बिनचूक म्हणायची. तिथे तिच्यासमोर कोणीच नसे. फक्त पाय चालू असत.

साडेअकराव्या वर्षी ती अचानक उंच झाली. चार महिन्यांत निळ्या पट्टीवर उभी राहिली तर डोकं चौकटीबाहेर जाऊ लागलं. मग मालिकेतल्या वडिलांनी तिला वसतिगृहात पाठवलं. काही महिने तिथून तिचं पत्र यायचं, पुढे तेही बंद झालं. रस्त्यात लोक थांबवून विचारायचे, "हॉस्टेलमधून कधी आलीस गं?" पहिल्यांदा ती हसायची. नंतर ती रस्ता बदलू लागली.

त्यानंतरची सात-आठ वर्षं तिने नुसती येरझाऱ्या घालण्यात काढली. पोहायला शिकली, चित्रकलेचा वर्ग लावला, केस कापायचा अर्धा अभ्यासक्रम केला, दाताच्या डॉक्टरकडे चार महिने रुग्णांची नावं लिहून घेतली. कुठेच बूड टेकलं नाही. नाटकासिनेमाच्या दोन-तीन निवडचाचण्यांना गेली, पण तिथे आईला बाहेरच्या बाकावर बसवलं गेलं, आणि आत ही गोंधळून गेली. तिला आता अभिनयाची आवडच राहिली नाही, असं आई लोकांना सांगायची.

गाणं आलं ते वडिलांच्या दुकानातून. दुकानाच्या वरच्या मजल्यावर ध्वनिमुद्रणाची खोली होती आणि तिथले ध्वनिमुद्रक चष्म्याची सैल झालेली काडी घट्ट करायला वरचेवर खाली यायचे. गळ्यात कायम हेडफोन, म्हणून त्यांना सगळे ‘हेडफोनकाका’ म्हणत. बटण काचा पुसत, दुकानात फिरत काहीतरी गुणगुणत होती. आवाज लहानपणीच्या आवाजापेक्षा बराच खाली उतरलेला, थोडा खरबरीत. काकांनी तिला वर नेऊन एका बिस्किटाच्या जाहिरातीतल्या चार ओळी गाऊन घेतल्या. मग एक अख्खं गाणं. ते गाणं सहा महिन्यांत दुकानांत, बसमध्ये, व्यायामशाळांत, लग्नांत वाजायला लागलं. तिला नाव बदलायचं होतं. गाणी काढणाऱ्या कंपनीच्या व्यवस्थापकाने ते उडवून लावलं. पोस्टरवर पुन्हा ‘बटण’च आलं.

आणि आईही आली. ध्वनिमुद्रणाच्या खोलीतल्या काचेपलीकडे, हेडफोनकाकांच्या खांद्यामागे उभी राहून ती ओठांनी शब्द म्हणायची. कार्यक्रमांत ती रंगमंचासमोरच्या कठड्याच्या डाव्या टोकाला उभी राहायची, काळे कपडे घालून, म्हणजे चेहरा तेवढा उठून दिसावा. कठड्याला एक छोटा दिवा चिमट्याने लावलेला असे. त्याचा उजेड नेमका तिच्या हनुवटीवर पडायचा. बटण बाकी रंगमंचभर नाचायची, पण गायची ती डावीकडे बघूनच. उजवीकडच्या प्रेक्षकांची तक्रार असायची की आम्हाला पाच वर्षांत हिचा फक्त कान दिसलाय.

तिला शब्द येत नव्हते असं नाही. तिनेच मला एकदा सांगितलं, "बाई, शब्द माहीत असतात. सुरुवात कोणीतरी करून द्यावी लागते."

ती चोविसाव्या वर्षात असताना मोठ्या मैदानावरचा संध्याकाळचा कार्यक्रम ठरला. सगळे वादक समोर बसून वाजवणार होते आणि त्यात तिने स्वतः लिहिलेलं एक गाणं होतं. बरोबर नऊ दिवस उरले असताना आईने सकाळी चूळ भरली आणि पाणी तोंडाच्या एका कोपऱ्यातून खाली सांडलं. आरशात बघितलं तर अर्धा चेहरा खाली उतरलेला. डावा डोळा मिटेना. डॉक्टरांनी सांगितलं की चेहऱ्याच्या नसेला सूज आली आहे, जिवाला धोका नाही, पण दोन-तीन महिने लागतील. घरी आल्यावर ती माउली बोटाने ओठ वर उचलून धरून आरशापुढे गाण्याचे शब्द म्हणत बसली. वडिलांनी ते बघितलं आणि ते तसेच दुकानात निघून गेले.

सरावाच्या वेळी बटणने प्रयत्न केला. आईचे वाकडे ओठ बघून तिचे शब्द निघेनात, आणि खरं तर तिला तिकडे बघवेना. शब्द दाखवणारा पडदा लावून पाहिला. पण शाळा बुडाल्यामुळे ती अक्षर लावून लावून वाचणारी, गाणं पुढे निघून जायचं. शेवटी व्यवस्थापकाने तोडगा काढला. तिचाच मुद्रित आवाज मागे लावायचा, तिने फक्त ओठ हलवायचे. कोणाला कळणारही नाही, आणि एकदा बसलं की पुढचे सगळे कार्यक्रम तसेच करता येतील.

त्या दुपारी ती माझ्याकडे आली. मला निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. तिसऱ्या मजल्यावर माझं दोन खोल्यांचं घर, बाहेर लांब गॅलरी. ती बसली नाही. खुर्ची ओढली, पुन्हा सरकवली, माझं कॅलेंडर सरळ केलं, मग व्यवस्थापकाचा तोडगा सांगितला.

"आजवर दुसऱ्यांचे ओठ बघून बोलले," ती म्हणाली. "आता याला हो म्हटलं, तर जन्मभर नुसते ओठ हलवत राहीन. बाई, मला पाठांतर शिकवा."

नऊ गाणी आणि आठ दिवस. पहिल्या दिवशी मी माझी जुनी पद्धत वापरली, समोर बसवून ओळ म्हणून घ्यायची. तिची नजर लगेच माझ्या ओठांवर. मी हातरुमाल धरला तर ती हातरुमालाकडे बघत गप्प. दोन तासांत दोघींच्या नाकी नऊ आले. ती चिडून उठली आणि गॅलरीत येरझाऱ्या घालू लागली. आणि घालता घालता, माझ्याकडे पाठ असताना, मघाशी न आलेली ओळ तिच्या तोंडून सहज निघून गेली. मला मधल्या सुट्टीतली दोरी आठवली. तेरा वर्षं उशिरा आठवली.

मग आम्ही गाणी गॅलरीत पसरली. पहिली ओळ दारापाशी, दुसरी कपडे वाळत घालायच्या दोरीखाली, तिसरी कुंडीजवळ, चौथी जिन्याच्या वळणावर. ओळ विसरली तर थांबायचं नाही, चालायचं. ओळ तिच्या जागेवर बसलेली असते, आपणच तिथपर्यंत जायचं. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर दार उघडून बघायचे आणि बंद करायचे. चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, की मुलीचं काही हरवलंय का. मी म्हटलं, बटण. ते हसले नाहीत. त्यांनी खरंच खाली वाकून बघितलं.

सातव्या दिवशी तिला नऊच्या नऊ गाणी यायला लागली. तिच्या स्वतःच्या गाण्यातलं दुसरं कडवं तेवढं कधी यायचं, कधी दगा द्यायचं. व्यवस्थापकाला तिने सांगून टाकलं की मागे आवाज लावायचा नाही. तो म्हणाला, तोंडघशी पडलीस तर माझ्याकडे येऊ नकोस.

कार्यक्रमाला मी तिच्या आईशेजारी बसले होते, पहिल्या रांगेत, डाव्या टोकाला. त्या दिवशी आई पहिल्यांदाच खुर्चीवर बसली होती. कठड्याचा दिवा लावलेला नव्हता. तिने नाकापासून हनुवटीपर्यंत स्कार्फ गुंडाळला होता आणि मिटत नसलेल्या डोळ्यावर वडिलांनी बनवून दिलेला गडद काचेचा चष्मा होता. वडील तिच्या पलीकडे, खिशातला रुमाल काढत आणि ठेवत.

आठ गाणी झाली. बटण एक क्षण उभी राहिली नाही. ओळीमागून ओळ चालत गोळा करावी तशी ती या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होती आणि उजवीकडच्या लोकांना तिचा चेहरा पहिल्यांदाच समोरून दिसत होता. मग तिचं स्वतःचं गाणं लागलं.

*मला थांबता येत नाही,*
*माझ्यासाठी कोणी थांबू नका.*

पहिलं कडवं नीट गेलं. दुसऱ्याच्या तोंडाशी ती थांबली. वादकांनी तीच ओळ पुन्हा वाजवली. तिने मान वळवून डावीकडे, आमच्याकडे बघितलं. वीस वर्षांची सवय.

आईचा हात स्कार्फकडे गेला. तिला पुढची ओळ येत होती. वाकड्या तोंडाने का होईना, एक ओळ तिला नक्की दाखवता आली असती. आठवडाभर ती त्यासाठीच आरशापुढे बसली होती. तिची बोटं स्कार्फच्या कडेखाली शिरली. वादकांनी ओळ तिसऱ्यांदा वाजवली. आईने स्कार्फ आणखी थोडा वर ओढला, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि एका हाताने दुसरा घट्ट धरला.

वर बटणने ते बघितलं. मग ती उजवीकडे चालायला लागली. मी मनात पावलं मोजत होते. दार, दोरी, कुंडी. जिन्याच्या वळणावर तिला ओळ सापडली आणि तिने ती आमच्याकडे पाठ करून, मोकळ्या आवाजात म्हटली.

मी शेजारी बघितलं. स्कार्फचं कापड तोंडावर हलत होतं. आईही म्हणत होती, आवाज न करता, मुलीच्या अर्धी मात्रा मागे.

घरी जाताना मी त्यांच्याच गाडीत होते. आई त्या जड झालेल्या तोंडाने, शब्द जुळवत म्हणाली, "शेवटची एक ओळ खाल्लीस."

"हो."

"मला येत होती."

"माहीत आहे, आई," ती म्हणाली.

वडिलांनी रुमाल काढला आणि या वेळी नाक शिंकरलं.

आईचा चेहरा तीन महिन्यांत बराचसा सरळ झाला. डावा कोपरा हसताना अजून थोडा मागे राहतो. ती कार्यक्रमांना जाते, पण मिळेल त्या खुर्चीवर बसते आणि मध्येच पाणी प्यायला उठूनही जाते. कठड्याचा तो दिवा वडिलांनी दुकानात नेला. चष्म्याचे बारीक स्क्रू बसवायला त्याचा उजेड फार चांगला पडतो म्हणतात. बटणची गाणी कधी चालतात, कधी पडतात. मागच्या वर्षीचं कोणीच ऐकलं नाही. तिने तिकडे ढुंकूनही न बघता पुढचं लिहायला घेतलं, तेही अर्धवट टाकून तिसरं धरलं. तिची भिंगरी काही थांबलेली नाही आणि आता ती थांबावी असं मलाही वाटत नाही.

महिन्या-दोन महिन्यांनी ती येते. चहाचा कप हातात घेऊन गॅलरीत फिरते, खुर्ची रिकामीच. गेल्या वेळी मी तिला म्हटलं, की तुझे वीसपैकी अठरा मला अजून टोचतात, तेवढा पाढा एकदा म्हणून टाक. ती खळखळून हसली आणि दारापासून सुरू झाली. मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं, कारण माझे ओठ अजूनही हलतात. एकोणीस सक एकशे चौदापर्यंत छान गेली. सातेला कुंडीपाशी अडली. मी वर्तमानपत्र हलू दिलं नाही. ती जिन्यापर्यंत जाऊन परत आली, पुन्हा गेली.

"नाही येत, बाई," ती तिकडूनच म्हणाली. "किती देता?"

मी बारा म्हटलं. तिने तेरा मागितले, आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा दारापासून चालायला लागली.